रात्री चढणारं, सकाळी कोसळणारं बीपी

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, घामानं बंडी भिजते. चार-पाचदा लघवीला उठतात. सकाळी उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. मागच्या आठवड्यात न्हाणीच्या दारात पडले. रात्री एकदा बीपी १७२ भरलं. गोळी वाढवावी का? – एक सून, जिंतूर तालुका

उत्तर : ताई, मोजल्याशिवाय गोळी वाढवू नका. रात्रीचा आकडा बघून गोळी वाढवली आणि पहाटे मांडीचं हाड मोडून आलेले म्हातारे मी पाहिलेत.

कंपवात नुसता हाताचा आजार नाही. ठोके, घाम, लघवी, रक्तवाहिन्यांचं आवळणं आपल्या नकळत चालवणाऱ्या नसाही त्यात दुबळ्या होतात. धडधाकट माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के उतरतं. या आजारात अनेकांचं आडवं झालं की चढतं आणि उभं राहिलं की कोसळतं. चढलेल्या दाबानं मूत्रपिंडं रात्रभर मीठ-पाणी बाहेर टाकतात, म्हणून त्या चार-पाच फेऱ्या. सकाळपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि तिथंच तोल जातो.

झोपताना आडवं असताना बीपी घ्या. सकाळी अंथरुणातच एकदा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला, कुणीतरी धरून. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर वहीत खूण करा. आठ दिवसांची वही घेऊन परभणीला किंवा नांदेडला मेंदूविकारतज्ज्ञांकडं जा. बीपीची, प्रोस्टेटची, झोपेची, सगळ्या गोळ्या पिशवीत न्या. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही उभ्याचं बीपी उतरतं.

तोवर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा, सहा इंच उंची येते. पलंग हलत नाही ना, ते आधी बघा. उशांची चळत नको, तिनं नुसती मान वाकते. दुपारी जेवून सपाट आडवं होऊ देऊ नका, खुर्चीत रेलून बसवा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं. रात्री लघवीचं भांडं बाजूलाच असू द्या.

हातपाय झाडण्याचं वेगळं. स्वप्नाच्या झोपेत अंग ढिलं पडायला हवं, ते पडत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी हा विकार पहिल्यांदा नीट मांडला. पुष्कळदा तो थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येतो. माझे वडील झोपेत बैल हाकलायचे, आईनं आपली बाज लांब सरकवली होती. हात थरथरायला लागला तो नऊ वर्षांनी, आणि मी डॉक्टर असून आईला कधी विचारलं नव्हतं. यात देवाधर्माचं, बाहेरचं काही नाही. पलंगाजवळची विळी, कंदील, काचेचा तांब्या हलवा. यावर औषधं आहेत, तज्ज्ञांना सांगा.

आणि सासूबाईंना शांतपणे विचारा, हे झाडणं नेमकं कधीपासून? ते वर्ष वहीच्या पहिल्या पानावर लिहा.