वाचक विचारतात : आबाजींचा मोर्चा नेमका कधीचा?

प्रश्न : आमचे आबाजी साठच्या दशकात अकोल्याला कॉलेजात होते. ‘पॅरिसच्या पोट्ट्यायचं आयकून आमी कृषी विद्यापीठाच्या मोर्च्यात गेलो,’ असं ते सांगतात. हे मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आहे. पेटीत तेव्हाची सायक्लोस्टाइल पत्रकंही आहेत. कशी काळजी घ्यावी? (एक वाचक, ता. मूर्तिजापूर)

उत्तर : आधी साल पाहू. विदर्भाला कृषी विद्यापीठ हवं म्हणून अकोल्यात आंदोलन पेटलं ते १९६७ मध्ये. पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले मे १९६८ मध्ये. म्हणजे मोर्चा आधीचा, पॅरिस नंतरचं. आबाजी खोटं सांगत नाहीत. मागाहून रेडिओवर ऐकलेलं, पेपरात वाचलेलं जुन्या आठवणीत असं बेमालूम मिसळतं. त्यांना मध्येच टोकू नका. एकदा टोकलं की म्हातारं माणूस सावध होतं, तोलूनमापून बोलू लागतं, आणि खरा ऐवज हातचा जातो.

साल विचारूच नका. ‘आबाजी, तवा पऱ्हाटी केवढी होती? डवरण चालू होतं का? रस्त्यात चिखल होता का? मोर्चा कुठून निघाला, पुढं कोण होतं?’ असं विचारा. कपाशी (पऱ्हाटी) केवढी होती, कोळपणी (डवरण) चालू होती का, यावरून हंगाम कळतो; हंगाम कळला की महिना कळतो. मग शास्त्रीजी गेले (११ जानेवारी १९६६), माणूस चंद्रावर उतरला (जुलै १९६९), कृषी विद्यापीठ स्थापन झालं (२० ऑक्टोबर १९६९) या खुणांच्या आधीचं की नंतरचं, ते विचारा. गुणपत्रिका सापडली तर उत्तमच. ती नागपूर विद्यापीठाची असेल. अमरावतीचं विद्यापीठ १९८३ चं.

रेकॉर्डिंग सकाळी करा, एका बैठकीत पाऊण तासाच्या वर नको. पंखा, कूलर बंद. टिनाच्या छपराखाली पाऊस सुरू झाला तर सरळ थांबा, तो आवाज नंतर काढता येत नाही. फोन विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून दोन वीत अंतरावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कप ठेवल्याचाही ठोका उमटतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची नावं बोला. त्याच दिवशी दोन प्रती करा, एक घराबाहेर ठेवा.

पत्रकांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्याखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, मग हळूच सोडवा. उन्हात न वाळवता सावलीतल्या उजेडात, वरून सरळ फोटो घ्या. कोऱ्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये, आडवी ठेवा. पेटी भिंतीपासून हातभर दूर, विटांवर. वाळवी जमिनीतून, भिंतीतून चढते. ‘ठ’, ‘ळ’ची पोटं काळी भरलेली दिसली तर तो शाईचा डाग समजून खोडू नका. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर, म्हणजे मेणकागदावर, अक्षर कोरताना आतला गोल तुकडा गळून पडायचा, म्हणून तसं छापलं जायचं.

प्रश्न : लांब केस, बेलबॉटम असा काकाजींचा फोटो १९६७ चा म्हणतात. खरं असेल? (एक वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : शंका घ्यायला जागा आहे. आपल्या गावागावांत बेलबॉटम पोचली ती सत्तरच्या दशकात. फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का पाहा. बाजूला कोण उभं आहे, ते काकाजींना विचारून मागं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं लिहिलं तर पुढल्या बाजूला वळ उमटतो.