केंद्रीय घनता म्हणजे नेमके काय, आणि ती सर्व शास्त्रांत सारखीच असते का?

केंद्रीय घनता म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अगदी मध्यावरची घनता. ताऱ्याची, अणुकेंद्राची आणि शहराची केंद्रीय घनता ही एकच कल्पना आहे का आणि ती मोजतात कशी, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: बहुतेक ठिकाणी ती मोजतच नाहीत. केंद्राकडे जाताना घनता कशी वाढते याचे एक सूत्र गृहीत धरायचे, बाहेरच्या थरांची माहिती त्यात घालायची आणि केंद्राचा आकडा काढायचा, अशी ही रीत आहे. त्यामुळे तो आकडा कितपत विश्वासाचा आहे हे त्या सूत्रामागे कोणते कारण उभे आहे यावरच ठरते. ज्याला हे उमगलेले नाही त्याने केंद्रीय घनतेच्या आधारे कोणताही निर्णय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मताला आमच्या गावच्या विकास आराखड्याची पार्श्वभूमी आहे.

मी पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. गावाचा सुधारित आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकती आणि सूचनांच्या सुनावणीला पेठेतील रहिवाशांच्या वतीने मी उभा राहिलो. सल्लागारांनी अहवालात शहराची केंद्रीय घनता म्हणून हेक्टरी माणसांचा एक दणदणीत आकडा दिला होता आणि त्याच्याच जोरावर, मंडईभोवतीची वस्ती सोसवेनाशी दाट झाली असल्याने रस्तारुंदीत जुन्या वाड्यांच्या दर्शनी भिंती पाडाव्यात, असा निष्कर्ष काढला होता. आमची मंडई ज्यांनी रात्री पाहिली आहे त्यांना हे वाचून हसू आले असते. खाली दुकानांची शटर ओढलेली, वर गुळाची आणि मिरचीची गोदामे, दोन बँका, एक देऊळ आणि पोत्यांवर अंग टाकलेले चार हमाल, एवढीच त्या भागाची रात्रीची लोकसंख्या. दिवसा तेथे पाय ठेवायला जागा नसते हे खरे, पण जनगणना माणूस राहतो कोठे हे पाहते, भाजी कोठे घेतो हे पाहत नाही.

सभागृहात भिंतीवर तो आलेख लावलेला होता. आडव्या अक्षावर मंडईपासूनचे अंतर, उभ्या अक्षावर घनतेचा लॉगरिदम, प्रत्येक प्रभागासाठी एक ठिपका, आणि सर्व ठिपक्यांमधून काढलेली उतरती सरळ रेषा. ही रेषा डावीकडे वाढवून उभ्या अक्षाला जेथे भिडवली होती, तोच सल्लागारांचा केंद्रीय घनतेचा आकडा. त्या जागी एकही ठिपका नव्हता. सर्वांत जवळचा ठिपका मंडईच्या प्रभागाचा होता, तो रेषेच्या पुष्कळ खाली होता आणि त्याला चांदणीची खूण करून तळटीपेत अपवाद ठरवले होते. ज्या जागेबद्दल निर्णय घ्यायचा, नेमकी तीच जागा अपवाद म्हणून बाजूला काढायची आणि मग तिचा आकडा लांबच्या उपनगरांना विचारायचा, हा प्रकार मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नगररचना विभागात आमचे मेहुणेच होते. सुनावणीत ते काही बोलले नाहीत, पण त्या रविवारी जेवायला बसल्यावर त्यांनी मला सुनावले, “दाजी, तुमच्या सूर्याच्या मध्यावर तरी कोण तराजू घेऊन गेले होते? तेथे सूत्र चालते, मग आम्हालाच का नको?” हा युक्तिवाद ते अजूनही लग्नाकार्यात करतात आणि ऐकणारे माना डोलावतात, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो.

सूर्याची सरासरी घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे १.४ ग्रॅम आहे आणि केंद्राची सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे शिशाच्या तेरापट. आणि तरीही तेथे वायूच आहे, कारण तापमान दीड कोटी अंशांच्या घरात आहे. हा आकडा रेषा लांबवून मिळालेला नाही. सूर्यातील प्रत्येक थराला आपल्या वरच्या सर्व थरांचा भार पेलावा लागतो, तेवढा दाब आतून मिळाला नाही तर सूर्य तासाभरात कोसळू लागेल, आणि या एका सक्तीमुळे बाहेरचे वस्तुमान, त्रिज्या व तेज यांची केंद्राशी गाठ बसते. शिवाय त्या आकड्याची परीक्षा झालेली आहे. भौतिकशास्त्रातील प्रयोगकर्ते रेमंड डेव्हिस यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सूर्यकेंद्रातून येणारे न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच सापडत राहिले, तेव्हा सूर्याच्या अंतर्भागाचे गणितच तीसएक वर्षे संशयाच्या पिंजऱ्यात उभे होते. २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात हे दाखवले, एकूण संख्या जुळली आणि गणित निर्दोष सुटले. सूर्याच्या पृष्ठभागाच्या कंपनांवरून काढलेला आतल्या ध्वनीचा वेगही या गणिताशी फार जवळून जुळतो. मेहुण्यांच्या आकड्याला असा एक तरी साक्षीदार होता का? होता, तो मंडईचा प्रभाग. आणि त्यालाच चांदणी लावून बाहेर बसवले होते.

पृथ्वीचे तसेच आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याच्या तिपटीहून किंचित कमी जड, पण कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये काढलेली संपूर्ण पृथ्वीची सरासरी जवळजवळ साडेपाच पट. म्हणजे आत काहीतरी फार जड असलेच पाहिजे. केंद्राशी घनता पाण्याच्या १३ पटींच्या आसपास आहे हे पुढे भूकंपलहरी आणि मोठ्या भूकंपानंतर पृथ्वीला येणारी दीर्घ कंपने यांवरून ठरले.

आता तुमचा पहिला प्रश्न. कल्पना एक असली तरी वागणूक एक नाही, कारण वस्तू धरून ठेवणारे बल वेगळे असते. भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटर यांनी १९५० च्या दशकात स्टॅनफर्डला अणुकेंद्रांवर इलेक्ट्रॉन आदळवून जे पाहिले त्यातून असे दिसले की, मध्यम अणूंपासून शिशापर्यंत केंद्रीय घनता जवळजवळ तीच राहते. कण वाढले की अणुकेंद्र फुगते, घट्ट होत नाही. श्वेतबटू ताऱ्याचे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या लहान, दाट गाभ्याचे, उलट: वस्तुमान वाढवा, तो आक्रसतो, आणि सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाशी सूत्रातील केंद्रीय घनता अनंताकडे धावते. खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला की, त्यापुढे असा तारा टिकूच शकत नाही. तेव्हाचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी १९३५ मध्ये त्यांची भर सभेत खिल्ली उडवली, पण बरोबर चंद्रशेखरच होते.

शहराचे सूत्र अर्थशास्त्रज्ञ कॉलिन क्लार्क यांचे, १९५१ चे. अंतराबरोबर वस्तीची घनता ठराविक प्रमाणात घटत जाते, असे ते सांगते. मात्र मध्यवर्ती व्यापारी भागात रहिवासी थोडेच असतात म्हणून तो भाग वगळावा, असे क्लार्क यांनीच लिहिले होते, आणि १९६९ मध्ये न्यूलिंग यांनी मध्यभागी खळगा पडू शकेल असे सुधारित सूत्रही दिले. मुंबईचे पाहा: फोर्ट-कुलाब्याच्या ए विभागात २०११ च्या जनगणनेत साडेबारा चौरस किलोमीटरमध्ये सुमारे १.८५ लाख लोक होते, तर शेजारच्या भुलेश्वर-काळबादेवीच्या सी विभागात दोन चौरस किलोमीटरहून कमी जागेत सुमारे १.६६ लाख. फोर्टला केंद्र मानून रेषा लांबवलीत तर कोणता आकडा हाती येईल, याचा विचार करा.

क्लार्क यांचे सूत्र टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. वाहतूक स्वस्त झाली की शहर कसे पसरते, उतार कसा सौम्य होतो, हे त्यातून चांगले दिसते. तेथे केंद्राचा आकडा केवळ रेषेची उंची सांगतो आणि तेवढ्यापुरता तो ठीक आहे. आणखी एक सांगायचे राहिले. गोलांच्या रचनेच्या गणितातही केंद्रघनता असते, पण ती मध्याची घनता नव्हे. एक त्रिज्येचे गोल रचले असता दर एकक घनफळात किती गोलांची केंद्रे येतात ती संख्या. तिला वरील सर्व चर्चेतून वगळा.

तुम्ही नगररचनेचे विद्यार्थी असाल तर कोणत्याही अहवालातील केंद्रीय घनतेशेजारी त्या प्रभागाची जनगणनेतील नोंद मागून घ्या, आणि ती देण्यास टाळाटाळ झाली तर हरकत लेखी नोंदवून पोच घ्या. मेहुणे आता निवृत्त आहेत आणि हे उत्तर ते वाचणार आहेत. त्यांना माझा प्रश्न तेव्हाचाच आहे: मंडईच्या प्रभागाची नोंद तुमच्याच कपाटात होती, तर ती आलेखावरून बाजूला काढायला कोणी सांगितले?