आम्ही सांगलीत राहतो, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत ठरलंय, त्या दिवशी आणि नंतर काय काय असतं?

घाबरू नका, ऑपरेशन साधारण १५-२० मिनिटांचंच असतं, वेळ जातो तो आधी, कारण बाहुली मोठी करायला थोड्या थोड्या वेळानं थेंब घालत बसवतात, बीपी-शुगर बघतात, त्यामुळं अर्धा दिवस गेला असं धरूनच सांगलीहून निघा. बहुतेकदा फक्त डोळा बधिर करतात, आई जागीच असणार, म्हणून खोकला असेल किंवा उताणं झोपता येत नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका. शक्यतो त्याच दिवशी घरी सोडतात.

खरी काळजी नंतरची. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, एक-दोन दिवस चालायचंच, पण चोळायचं नाही, झोपेत हात जातो म्हणून रात्री प्लास्टिकची झाकणी चिकटपट्टीनं लावून द्या. थेंब महिनाभर तरी चालतात, दोन औषधांत पाच मिनिटं सोडा आणि बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका. डोक्यावरून अंघोळ, चूल, हळदीचं काम डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. दुखणं किंवा लाली वाढली, दिसायचं कमी झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन लावा आणि घेऊन जा.