मेसेज वेळेवर पोचवायचे शिकून नोकरी मिळेल का?

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र : मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणी एआयकडे वळल्या, हिला मात्र रिअल-टाइम नेटवर्कवर (जिथे मेसेज ठरल्या वेळेत पोचलाच पाहिजे) मेसेजचं शेड्युलिंग, म्हणजे कुठला कधी जाणार ते ठरवणं, शिकायचंय. किटसाठी पैसे मागते. ‘मेसेज तर व्हॉट्सअ‍ॅपवरही जातात, त्यात शिकायचं काय?’

सप्रेम नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज चार सेकंद उशिरा आला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. चाकाचा वेग ब्रेकच्या कंट्रोलरला, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, उशिरा कळला, तर तो आकडा बरोबर असूनही कुचकामी.

गाडीतले कंट्रोलर बहुतेक कॅन बसवर बोलतात; ही बस म्हणजे सगळ्यांची सामाईक तार. बॉशने ही पद्धत १९८६मध्ये मांडली; पिळलेल्या दोन तारा, बस्स. दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडलं, तर प्रत्येक जण आपल्या मेसेजचा क्रमांक एकेक बिट पाठवतो आणि तारेवर कानही ठेवतो. तिथे ० हा १ वर मात करतो. आपण १ पाठवला आणि ऐकू ० आला, की गप्प बसायचं. लहान क्रमांकाचा मेसेज न अडखळता पुढे जातो. मात्र सुरू झालेला मेसेज मध्येच थांबवता येत नाही. आठ बाइटचा साधा मेसेज फार तर १३५ बिटांचा होतो. सेकंदाला ५०० किलोबिटच्या वेगाने २७० मायक्रोसेकंद. म्हणजे पहिल्या मानाच्या मेसेजलाही कधी तेवढं ताटकळावं लागतं. मग शेवटच्याला जास्तीत जास्त किती? सरासरी सांगून इथे भागत नाही, आणि हेच हिला शिकायचंय.

हे गणित वाटतं तितकं सरळ नाही. १९९४च्या सुमारास यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची रीत दिली, ती सगळीकडे वापरली गेली. २००७मध्ये दाखवून दिलं गेलं की काही वेळा ती खऱ्यापेक्षा कमी उशीर सांगते. दुरुस्ती करणाऱ्यांत मूळ लेखकांपैकी अ‍ॅलन बर्न्सही होते! असल्या किचकट कामात जीव रमणारी मुलं थोडी असतात.

नोकरीचं म्हणाल तर पिंपरी-चिंचवड, चाकण, हिंजवडीत गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या आहेत. पण सुरुवात बहुधा टेस्टिंगच्या टेबलावर, लॉग (मेसेजच्या नोंदी) चाळत होते, आणि मैत्रिणीचा पहिला पगार हिच्याहून जास्त असू शकतो. ते आत्ताच दोघांनी मान्य करा. सी भाषा पक्की हवी. ती कच्ची असेल तर बाकी सगळं राहू द्या.

किट मात्र लगेच घेऊ नका. लिनक्सवर व्ही-कॅन नावाची आभासी बस फुकट मिळते; कॅनसेंड या कमांडने मेसेज पाठवायचे, कॅनडंपने पाहायचे. महिनाभर तिथे रमली, तर दोन साधे बोर्ड, दोन कॅन मॉड्यूल आणि तारेच्या दोन्ही टोकांना लावायला १२० ओहमचे दोन रेझिस्टर एवढं आणून द्या.