कंपनी आतेभावाच्या नावावर, पैसे बाबांचे: इंग्लंडला येण्याआधी हे वाच

ताई म्हणून हक्काने विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. देवगडला बाबांची हापूसची बाग आहे, पुढच्या वर्षी तू इंग्लंडला येणार आहेस आणि आंब्याचा पल्प नि कोकमाचं आगळ विकायला इथे आधीच कंपनी काढून ठेवायची म्हणतोस. शेअर तूर्त लेस्टरच्या आतेभावाच्या नावावर, पैसे बाबांचे, तू आलास की नावं बदलू. चालेल का?

शेअर आतेभावाच्या नावावर ठेवता येतील. पण ते तो बाबांसाठी सांभाळतोय, हे कंपनीज हाऊसला, म्हणजे इथल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, पहिल्या दिवसापासून सांगावं लागेल. ६ एप्रिल २०१६ पासून इथल्या कंपन्यांना आपल्यावर खरं नियंत्रण कुणाचं आहे ते नोंदवावं लागतं. त्या माणसाला इथे पीएससी म्हणतात. २५ टक्क्यांहून जास्त शेअर, तेवढी मतं किंवा बहुसंख्य डायरेक्टर नेमायचा-काढायचा अधिकार, यातलं एक असलं तरी पुरे. कागदावर नाव नसताना निर्णयांवर ज्याचा वरचष्मा असतो, तोही यात येतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर मुंबईच्या काकांची नावं आणि बाग कसणारा एकटा धाकटा भाऊ, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी लिहून मागत नाही. इथे लिहून मागतात, आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चौघांत समान वाटे करायचा विचारही तू लिहिला आहेस. प्रत्येकी बरोबर २५ टक्के असतील तर शेअरच्या हिशोबाने कुणीच पीएससी होत नाही, कारण नियम २५ हून जास्तचा आहे. मात्र चौघांनी कायम एकच मत द्यायचं असं आपसात ठरवलंत, तर प्रत्येकाकडे सगळे शेअर आहेत असं धरलं जातं. घरच्या कंपनीत असं ठरतंच, तेव्हा हे नीट बोलून घ्या.

१८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या डायरेक्टरची आणि पीएससीची ओळख पडताळणी सक्तीची झाली आहे. बाबांचीही होईल. चिप असलेला पासपोर्ट असेल तर मोबाइलच्या अ‍ॅपवरून जमतं. जुना बिनचिपचा असेल तर इथल्या नोंदणीकृत एजंटामार्फत करा. बाबांचं नाव, जन्माचा महिना आणि वर्ष, राष्ट्रीयत्व आणि पत्रव्यवहाराचा पत्ता कुणालाही ऑनलाइन दिसेल. राहता पत्ता दिसत नाही, पण तोच पत्रव्यवहाराला दिलात तर दिसणारच. बाबांना हे आधी सांग. वयस्कर माणसाला नंतर कळलं की जीव घाबरा होतो.

भारताच्या बाजूने रक्कम पाठवण्याआधी बँकेत जा. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात आणि परदेशी कंपनीत गुंतवणुकीचे २०२२ चे नियम वेगळे आहेत, त्यांचा फॉर्म बँकच भरून घेते. शेअर आतेभावाच्या नावावर असले तरी बाबांच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ते दाखवावे लागतील. लपवलं तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेचसे सीए रोज हे काम करत नाहीत, तेव्हा ज्याने केलंय असाच शोध.

आणि कंपनी असली म्हणून व्हिसा मिळत नाही, ते सर्वस्वी वेगळं काम आहे.

माझं मत विचारशील तर शेअर सरळ बाबांच्या नावावरच घ्या. आतेभावाला डायरेक्टर करा. पुढे तुझ्या नावावर केलेत की बदल १४ दिवसांत कळवायचा असतो, ती तारीख आतेभावाला आत्ताच सांगून ठेव.