सांस्कृतिक मुत्सद्देगिरीने दोन देशांचे संबंध खरंच सुधारतात का?

हो, पण कराराचं काम ती करत नाही. मनं मात्र मोकळी करते. मला आठवते ती इंदिरा हत्तीण.

१९४३ साली, ऐन युद्धात, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती सरकारी हुकमाने उपाशी ठेवून मारले गेले. खाऊ मिळेल या आशेने ते भुकेले जीव रखवालदारांसमोर शिकवलेल्या कसरती करून दाखवत. हे वाचताना आजही पोटात तुटतं. युद्ध संपल्यावर जपानी मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती हवा. १९४९ मध्ये नेहरूंनी हत्तीण पाठवली, तीही स्वतःच्या लेकीच्या नावाची! हरलेल्या, परक्यांच्या ताब्यातल्या देशातल्या पोरांना कुणीतरी आपलं मानलं.

पुढे १९५२ मध्ये भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि नुकसानभरपाईवर पाणी सोडलं. हे हत्तिणीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. दोन्हींमागची भावना मात्र एकच होती.

मर्यादाही आहेतच. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर जपानने भारताची नवी मदत थांबवली, तेव्हा जुनी माया आड आली नाही. इंदिरा मात्र १९८३ मध्ये मरेपर्यंत उएनोतच होती, आणि तिला बघत जपानी मुलांच्या पिढ्या मोठ्या झाल्या.