लहानपणी सोडलेलं इंग्लंडमधलं गाव पन्नाशीत परत बघायला जावं का, आणि शोध कुठून सुरू करावा?

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, म्हटलं हा तर मीच. तुमचे वडील एनएचएसमधे (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत) डॉक्टर, तुमचा जन्म तिकडचा, सातव्या वर्षी भारतात परत, आणि आता पन्नाशी उलटल्यावर वाटतंय की जाऊन घर बघावं, शाळा बघावी, आईवडिलांचे तिथले कागद जमवावेत, पण एवढा खर्च करून गेलो आणि निराशा झाली तर काय. मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. घराच्या बाबतीत निराशा झाली, ती पुढे सांगतोच.

माझं गाव बर्नली. लँकेशायरमधे, मँचेस्टरच्या उत्तरेला, लाखाच्या आत वस्ती. फुटबॉल बघणाऱ्यांना नाव माहीत असतं, बाकी कुणाला नाही. बाबा पुण्याच्या बी. जे. चे, १९६५ ला तिकडे गेले, आई वर्षभरानं तिकडे आली. तेव्हा आपली एमबीबीएस तिकडे सरळ चालायची (१९७५ ला ते बंद झालं), आणि अशा गिरण्यांच्या गावात जायला तिकडचे डॉक्टर फारसे खूश नसायचे त्यामुळे तिथल्या हॉस्पिटलांत आपले लोक भरपूर. मी १९६८ चा, बर्नली जनरलमधला. १९७८ ला आम्ही सांगलीला परत आलो.

आधी कागदांचं बोलतो, कारण तिकीट काढायच्या आधी ते घरबसल्या होतं. इंग्लंडमधे जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सलग आहे आणि तिची इंडेक्स फ्रीबीएमडी नावाच्या साइटवर फुकट शोधता येते. त्यात एक गंमत आहे, इंडेक्स तिमाहीची असते आणि ती नोंदणीच्या तारखेवरून लावलेली, जन्माच्या नाही. बाळाची नोंद करायला ४२ दिवस असतात, तेव्हा मार्चअखेरचा जन्म असेल तर जूनच्या तिमाहीतही बघा. मला माझं नाव दोन दिवस सापडत नव्हतं, कारण रजिस्ट्रारनं आडनाव ऐकू आलं तसं लिहिलेलं, एक 'एच' जास्तीचा. शेवटी सापडलो ते आजोळच्या आडनावावरून! १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून त्या इंडेक्समधे आईचं माहेरचं आडनावही देतात, आपल्या लोकांना याचा फार उपयोग आहे. पण आईनं लग्नात बदललेलं नाव सांगितलं की माहेरचं, हे घरी विचारून घ्या, दाखल्यावर दोन्हीपैकी काहीही निघू शकतं.

घरात जो दाखला असतो तो बहुतेक वेळा छोटा असतो, त्याच्यावर आईवडिलांची नावंच नसतात. जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवरून मोठा मागवा, पोस्टानं भारतात येतो. माझा आला तेव्हा मी एक रकाना बघतच राहिलो. माहिती देणाऱ्याच्या जागी आईचं नाव. म्हणजे बाबा ड्यूटीवर, आणि ही २३ वर्षांची बाई, इंग्रजी जेमतेम, महिन्याभराचं पोर घेऊन एकटी ऑफिसात जाऊन नोंद करून आली होती. विचारलं तर म्हणाली, "मग काय, नोंद करायला नको?"

बाबांचं म्हणाल तर तुमच्याही उपयोगी पडेल असं सांगतो, मेडिकल डिरेक्टरी नावाचा जाडा ग्रंथ तिकडे वर्षाच्या वर्षी निघायचा, मोठ्या लायब्ऱ्यांत जुने खंड आहेत, त्यात डॉक्टरची डिग्री, पत्ता, कुठे कुठे नोकरी केली ते सापडतं. नोकरीच्या नोंदींसाठी मी एका ऑफिसला तीन मेल टाकल्या, ढिम्म उत्तर नाही, तेव्हा तिकडे जीव अडकवू नका. आणि जाता जाता एक, १ जानेवारी १९८३ च्या आधी यूकेत जन्मलेले जवळपास सगळे तिकडच्या कायद्यानं जन्मानंच नागरिक धरतात, व्हिसाच्या फॉर्मवर जन्मस्थान लिहिलं की हा विषय निघतोच. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी जाणकाराला विचारा.

आता घर. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर (नाव स्कॉटलंडचं असलं तरी) इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आहेत, आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून वरचा नकाशा पुसट करत नेता येतो. सांगलीत बसून मी आमची गल्ली शोधली, नकाशा पुसट केला आणि खाली नुसतं हिरवं. २००० नंतर बर्नलीत अशा जुन्या घरांच्या बऱ्याच रांगा पाडल्या, त्यात आमची गेली. तरी गेलोच. मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बर्नलीला थेट गाडी आहे, २०१५ ला टॉडमॉर्डनपाशी रुळाचा जुना तुकडा परत जोडल्यापासून. स्टेशनबाहेर एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "मी बुसमधे आहे." बस नाही, बुस. कप नाही, कुप. आम्ही लहानपणी असंच बोलायचो आणि सांगलीच्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी ते छडीनं काढलं होतं. ४५ वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखं इंग्रजी बोलत होतं, मी उगाच दोन मिनिटं तिच्या मागून चाललो.

गल्लीच्या जागी गवत, दोन झाडं, एक बाक. फोनवर जुना नकाशा उघडून मी पावलं मोजत आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा लांबून बघत होता, त्याला वाटलं असणार हा काहीतरी हरवलेलं शोधतोय. काही वाटलं का? खरं सांगू, नाही. पाऊस यायला लागला म्हणून निघालो. नंतर गावच्या लायब्ररीत दीड दिवस मायक्रोफिल्मवर जुनी वर्तमानपत्रं फिरवली, १९७७ च्या जून महिन्यात राणीच्या ज्युबिलीला गल्लीत टेबलं मांडून पार्टी झाली होती आणि आईनं कॉर्नफ्लेक्सचा चिवडा केला होता (पोहे मिळायचे नाहीत), त्याचा फोटो छापून आला असेल अशी आशा. नव्हता. दुसऱ्याच गल्ल्यांचे होते.

मग त्या संध्याकाळी मला वाटत होतं तुमच्यासारखंच, की पैसे वाया गेले.

आता शेजारच्या आजीबद्दल. आम्ही तिला नॅना म्हणायचो. जन्मभर गिरणीत विणकाम केलेली, कानानं जवळजवळ बहिरी, पुढचे दात नाहीत. आई इचलकरंजीची. आजोबांचे माग होते, त्यामुळे ही जन्मापासून खटखटीत वाढलेली, आणि बर्नलीला पहिल्या आठवड्यात थंडीनं आणि एकटेपणानं झोप येईना तेव्हा लांबून गिरणीचा आवाज आला आणि ती झोपली, हे तिनं आम्हाला शंभर वेळा सांगितलंय. पहिल्या जुलैत ती घाबरली होती, कारण एका सकाळी अख्खी गल्ली कुलूपबंद, दुकानं बंद, गिरणीचा आवाजही बंद. तिला वाटलं युद्धबिद्ध सुरू झालं. तर गिरण्यांची वार्षिक सुट्टी, सगळं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर.

आई इंग्रजी नॅनाकडून शिकली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण एका बहिऱ्या बाईकडून, जिचं लँकेशायरी बोलणं बाबांनाही कळायचं नाही, तिच्याकडून आई कशी काय शिकली हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबेना म्हणून जवळच्या हार्ल साइकला क्वीन स्ट्रीट मिल बघायला गेलो. १८९५ ची गिरणी, वाफेवर चालणारी, १९८२ च्या मार्चमधे बंद झाली आणि मग म्युझियम केलं. तीनशेच्या वर माग अजून जागेवर आहेत, इंजिनाचं नाव 'पीस'. वर्षातले काही महिने आणि ठराविक दिवशीच उघडं असतं, जाण्याआधी बघून घ्या. सगळे माग काही चालवत नाहीत, थोडेच चालवले, तरी छातीत आवाज बसतो. मी म्हटलं हे तर इचलकरंजी, फक्त छत उंच आणि तेलाचा वास वेगळा. आणि तेवढ्यात मागावरच्या बाईनं शेडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईशी बोलायला सुरुवात केली. आवाज न काढता. नुसते ओठ, मोठे मोठे करून, भुवया वर, एक हात पोटाशी, प्रत्येक शब्द तोंडानं घडवून दाखवल्यासारखा. दुसरीनं तसंच उत्तर दिलं. चाळीस-पन्नास फुटांवरून.

मी तिथेच थिजलो, कारण माझी आई अशीच बोलते. सांगलीला गच्चीवरून खालच्या भाजीवाल्याशी, लग्नात हॉलच्या या टोकाहून त्या टोकाच्या मावशीशी. आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो, "आई तोंड वाकडं करून बोलते." तिकडे त्याला मी-मॉ म्हणतात. मागांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही म्हणून लँकेशायरच्या विणकरणींनी ओठांवरून बोलायची ही पद्धत बसवली आणि मग घरीदारीही त्या तशाच बोलायच्या. म्हणजे नॅना आईशी उच्चार सुटे सुटे करून, ओठ दाखवून बोलत होती, मुद्दाम नाही, तिला दुसरं येतच नव्हतं, आणि नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्या बाईला याहून चांगली मास्तरीण कुठे मिळणार होती.

दातांचंही तिथेच कळलं. जुन्या धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढून घ्यायचे, दिवसात शेकडो वेळा, त्याला किसिंग द शटल म्हणायचे, त्यानं दात जायचे, रोग पसरायचे, त्या पद्धतीवर बंदी आली १९५२ ला.

मग मी नॅनालाच शोधलं. १९२१ ची जनगणना २०२२ ला खुली झाली, मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत मला ती फुकट बघायला मिळाली. त्या वर्षी कुठे काम करता, मालक कोण, हेही विचारलं होतं. वडिलांच्या अक्षरात तिचं नाव, वय १८, विणकर, आणि गिरणीचं नाव. पुढची १९३१ ची १९४२ ला आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, १९५१ ची १०० वर्षांच्या नियमानं २०५२ ला उघडेल, तोवर आपण बघायला असू नसू. मधल्या काळासाठी सप्टेंबर १९३९ चं एक रजिस्टर आहे, युद्ध सुरू झाल्यावर घरोघर जाऊन केलेलं, त्यात शेजारपाजार चांगला सापडतो. तुम्हाला वाटेल आपल्या घरच्यांशी याचा काय संबंध, ते तर तेव्हा भारतात. पण तिथली मुळं शोधायची तर शेजाऱ्यांचीच शोधावी लागतात हो, आपली तिथे फक्त दहा वर्षांची, वर वर रुजलेली.

एक गोष्ट आईला अजून सांगितली नाहीये. सर्दी झाली की नॅना तिला गरम पाण्यात एक गोडसर काढा द्यायची, जडीबुटीचा, आई अजून त्याची आठवण काढते, "तसा काढा परत नाही मिळाला." बर्नलीच्या पबमधे मी एका माणसाला गरम पाण्यात काहीतरी घालून पिताना बघितलं, वास आला आणि ओळखला. बेनेडिक्टिन. फ्रेंच लिकर, म्हणजे दारूच, चाळीस टक्के अल्कोहोल. पहिल्या महायुद्धात लँकेशायरचे शिपाई फ्रान्समधून ही सवय घेऊन आले म्हणतात, आणि बर्नलीत ती अजून टिकून आहे. आई एकादशी करते, चहात आलंसुद्धा मोजून घालते. काय सांगू तिला.

गिरणीतल्या त्या दोघींचा मी विडिओ काढला होता. परत आल्यावर आईला दाखवला. आता ती ऐंशीची, कानाला मशीन आहे पण लावत नाही. फोनमधून नुसता खडखडाट येत होता, तिनं आवाज बंद केला, चष्मा लावला, दोनदा बघितला आणि म्हणाली, "ती विचारतेय, चहा टाकू का. आणि दुसरी म्हणते, थांब, दोरा तुटलाय." मग स्क्रीनकडे बघून स्वतःच ओठांनी काहीतरी बोलली. काय बोलली विचारलं तर म्हणे, काही नाही.

तुमचं गाव कोणतं ते लिहा. लँकेशायर-यॉर्कशायरकडचं असेल तर नकाशा कुठे कसा बघायचा ते सविस्तर सांगतो. आणि आई किंवा वडील कुणी असतील तर जायच्या आधी शेजाऱ्यांची नावं लिहून घ्या, आजच.